शी, दे आणि मधली तिरकी रेघ

गेल्या पावसाळ्यात भाचीने अमेरिकेहून एक ईमेल पुढे धाडली. तिच्या ऑफिसातल्या एका व्यक्तीला पुण्याचे गणपती बघायचे होते. उतरावं कुठे, विसर्जनाच्या दिवशी चालावं किती लागतं, पावसाचं काय, असे प्रश्न होते आणि उत्तरं मी द्यावीत अशी भाचीची आज्ञा होती. ईमेलच्या तळाशी नाव, नावाखाली हुद्दा आणि हुद्द्याखाली दोन शब्द, मधे तिरकी रेघ : शी/दे. मराठी डोळ्याला यात आधी किळस आणि मग मागणी दिसते, पण ते सोडा. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली आहेत. मला वाटलं हात घसरला, तिथे ‘शी/हर’ असायला हवं होतं.

‘‘चूक नाहीये ती, मावशी,’’ भाची फोनवर म्हणाली. ‘‘दोन्ही चालतं.’’

दोन्ही चालतं तर सोपं ते चालवू, म्हणून पुढच्या पत्रात मी बिनधास्त ‘शी’ लिहीत गेले. तीन दिवसांनी पुन्हा फोन. ‘‘अगं, दोन्ही चालतं म्हणजे तुला सोपं तेवढंच वापरायचं असं नाही. सगळे तेच करतात. मग ‘दे’ नुसतं शोभेला उरतं.’’

तेव्हापासून मी या रेघेच्या मागे लागले आहे.

‘शी/हर’ मला कळत होतं. एकाच सर्वनामाची ती दोन रूपं आहेत : ती, तिला. शाळेत रामः रामौ रामाः घोकलेल्या माणसाला विभक्तीचा तक्ता सुरू कुठून होतो एवढं सांगितलं की पुरतं, बाकीचा तो स्वतः म्हणतो. ‘शी/दे’मध्ये मात्र रेघेच्या अलीकडे एक तक्ता आणि पलीकडे दुसरा, एक स्त्रीलिंगी एकवचनाचा, दुसरा अनेकवचनाचा, आणि दोन्ही एकाच माणसाचे. ‘ही/दे’ लिहिणारेही आहेत, ‘शी/ही’ लिहिणारेही. इंग्रजीत याला मिश्र सर्वनामं म्हणतात. आपल्याला ही रेघ भेटते ती सरकारी अर्जात : श्री./श्रीमती/कु., आणि खाली बारीक अक्षरात ‘लागू नसेल ते खोडावे’. इथे रेघ तीच, पण काहीच खोडायचं नाही.

माझा पहिला समज असा की हे सगळं कालपरवाचं आहे, फोनवर वाढलेल्या पिढीचं. रेघ कालपरवाची आहे हे खरं. तिच्या दोन बाजूंचे शब्द मात्र आठशे वर्षांपूर्वी एकाच घरात राहत होते. घर कसलं, ते एकच शब्द होते.

जुन्या इंग्रजीत ‘तो’ला ‘हे’ म्हणत, ‘ती’ला ‘हेओ’ आणि ‘ते सगळे’ला ‘हीए’. तिन्हींची सुरुवात ह-ने, आणि शेवटचे स्वर जसे झिजत गेले तशी ही भावंडं एकमेकांसारखी दिसू लागली. इ. स. १२००च्या आसपास सेव्हर्न नदीकाठच्या आर्ली किंग्ज या गावी लायमन नावाचा पाद्री होता. त्याने ब्रिटनच्या राजांची कथा सांगणारं सोळा हजार ओळींचं ‘ब्रुट’ हे काव्य रचलं. त्यात ‘हेओ’ म्हणजे ती, आणि ‘हेओ’ म्हणजेच ते सगळे. कोण ते ओळीवरून समजून घ्यायचं. काही बोलींत तर झीज आणखी पुढे गेली होती. तिथे ‘हा’ किंवा नुसतं ‘अ’ एवढ्या एका उच्चारावर तो, ती आणि ते या तिघांची बोळवण होई.

पुण्याच्या मॅक्स म्यूलर भवनात पहिल्या पायरीचं जर्मन शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही. जर्मनमध्ये ‘झी’ म्हणजे ती, ‘झी’ म्हणजे ते, आणि पहिलं अक्षर मोठं काढलं की ‘झी’ म्हणजे आपण, आदरार्थी. जर्मन माणसाचं त्यावाचून काही अडत नाही, क्रियापद सांभाळून घेतं. इंग्रजीत नेमकी क्रियापदंही त्याच सुमारास झिजत होती, त्यामुळे सांभाळून घेणारं कोणी उरलं नाही.

उत्तर सापडलं ते इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागात. ८६६मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते तिथेच राहिले. त्यांनी शेती केली, लग्नं केली, शेजाऱ्यांशी भांडणं केली. त्यांच्या भाषेतून इंग्रजीत ‘एग’ आलं, ‘नाइफ’ आलं, ‘विंडो’ आलं, ‘स्काय’ आलं, आणि ‘हजबंड’सुद्धा आला. पण त्यांच्याबरोबर ‘थेइर’ही आलं, म्हणजे आजचं ‘दे’. वस्तूंची नावं उसनी घेणं रोजचंच. आपण फारसीतून बाजार घेतला, कागद घेतला, ‘शिवाय’सारखं अव्ययही घेतलं. पण मी, तू, तो, ती यांना तीनशे वर्षांच्या फारसी दरबारात कोणी हात लावला नाही. सर्वनामाच्या आसपास जाणारा ‘खुद्द’ तेवढा मला आठवतो. शेजाऱ्याकडून कोणी साखर मागून आणतं, चूल मागून आणत नाही. इंग्रजीने चूल आणली.

लायमनच्याच काळात लिंकनशरमध्ये ऑर्म नावाचा धर्मगुरू होता. नावच नॉर्स, अर्थ साप. त्याने बायबलवरची पद्यप्रवचनं लिहिली आणि स्वतःच्या नावावरून ग्रंथाला ‘ऑर्म्युलम’ असं नाव दिलं. त्याच्या वहीत ‘दे’चं जुनं रूप पक्कं बसलेलं दिसतं. पश्चिमेला लायमन ‘हेओ’वर चालवून घेतो आहे आणि पूर्वेला ऑर्मने पाहुण्यांचा शब्द घरात घेतला आहे, दोघांत अंतर असेल पुणे-नागपूरच्या निम्म्याहून कमी. लंडनला पोचेपर्यंत ‘दे’ने दोनशे वर्षं घेतली, तीही हप्त्याहप्त्याने. १४००मध्ये वारलेला कवी चॉसर कर्ता असेल तर नवं ‘दे’ लिहितो, पण त्यांना, त्यांचं म्हणायला जुनी ‘हेम’ आणि ‘हिर’ वापरतो. त्या ‘हेम’चा धागा अजून तुटलेला नाही. इंग्रजी सिनेमात ‘गिव्ह देम’ऐवजी ‘गिव्ह एम’ ऐकू येतं, त्यातलं ‘एम’ ‘देम’चं आखूड रूप नव्हे. ते ‘हेम’ आहे, अजून जिवंत.

‘शी’ कुठून आली यावर विद्वान भांडतात. जुन्या दर्शक सर्वनामातून, असं काही म्हणतात. ‘हेओ’चाच उच्चार बदलत गेला, असं इतर म्हणतात, आणि ‘ह्याल्टलांड’चं ‘शेटलंड’ झालं तो दाखला देतात. पहिली लेखी नोंद मात्र ठरलेली आहे आणि ती मला फार आवडते. पीटरबरोच्या मठातल्या बखरीत, ११५४च्या सुमारास लिहिलेल्या भागात, सम्राज्ञी मॅटिल्डाची हकिगत येते. राजा पहिल्या हेन्रीची ही मुलगी सिंहासनावर हक्क सांगत लंडनला आली. लंडनकरांनी तिला पकडायचा बेत केला. ती निसटली. त्या ‘ती’साठी बखरकाराने जो नवा शब्द लिहिला तो ‘शी’चा पूर्वज. इंग्रजी लिखाणातली पहिली ‘शी’ पळते आहे.

म्हणजे गोंधळ होतो म्हणून इंग्रजीने एका शब्दाचे दोन केले. एक घरातून निघाला, दुसरा समुद्रापलीकडून आणला. आज ईमेलच्या तळाशी लोक ते दोन पुन्हा एका ओळीत ठेवतात. फरक इतकाच की तेव्हा कोणाला विचारलं नव्हतं.

‘दे’ नुकतं स्थिरावतंय तोच त्याला एकवचनाचीही कामं सांगायला सुरुवात झाली. १३७५च्या सुमाराची ‘विल्यम आणि लांडगामानव’ ही फ्रेंचवरून केलेली पद्यकथा या वापराचा जुना पुरावा म्हणून दाखवतात. ‘प्रत्येक माणूस’ असं म्हणून पुढे त्याच माणसाला ‘दे’. कोण ते ठाऊक नाही, बाई की बुवा ते ठाऊक नाही, मग ‘दे’. चॉसर, शेक्सपिअर, जेन ऑस्टिन सगळ्यांनी हे केलं आणि वाचणाऱ्यांना खटकलं नाही. खटकायला व्याकरणाची पुस्तकं यावी लागली.

पण त्याआधी ‘यू’ची भानगड झाली आणि ती मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा चटकन समजेल. एकाला ‘दाऊ’, अनेकांना ‘यू’, असा इंग्रजीचा मूळ हिशोब. मग मोठ्या माणसांना एकटे असले तरी ‘यू’ म्हणायची रीत आली, आपल्या ‘तुम्ही’सारखी. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या क्वेकर पंथाने ती नाकारली. देवापुढे सगळे सारखे, एक माणूस म्हणजे एकच, म्हणून न्यायाधीशापासून बापापर्यंत सरसकट ‘दाऊ’. थॉमस एलवूड या तरुण क्वेकराने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की वडिलांसमोर टोपी न काढणं आणि त्यांना ‘दाऊ’ म्हणणं यासाठी त्याला मार बसला. बापाला अरेतुरे केल्यावर दुसरं काय होणार? १६६०मध्ये फॉक्सने दोन सोबत्यांच्या मदतीने एक जाडजूड पुस्तकच काढलं. एकवचन आणि अनेकवचन वेगळं कसं असतं हे त्यात कित्येक भाषांचे तक्ते देऊन दाखवलं होतं. व्याकरण फॉक्सच्या बाजूने होतं. जिंकलं ‘यू’. आणि आज एकाच माणसाला ‘यू आर’ म्हणताना ‘आर’ अनेकवचनी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. तेव्हा एका माणसाला ‘दे आर’ म्हणणं अशुद्ध ठरवणाऱ्याने आधी ‘यू आर’चा हिशोब द्यावा. हे मी मुद्रितशोधक म्हणून म्हणते, आणि मी ‘दे’वर लाल पेन्सिल बरीच वर्षं चालवली आहे.

अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ठरवलं की अज्ञात माणसाला ‘ही’ म्हणावं, ‘ही’मध्ये दोघं येतात. हा नियम पुस्तकात घालणाऱ्या पहिल्या काहीजणांत न्यूकॅसलला शाळा चालवणारी अ‍ॅन फिशर ही बाई होती. १८५०मध्ये ब्रिटिश संसदेने तो नियम कायद्यात नेला. कायद्यांची भाषा आटोपशीर व्हावी म्हणून केलेल्या कायद्यात म्हटलं की पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. दहा वर्षांनी तो इकडे आला. १८६०च्या भारतीय दंड संहितेचं कलम ८ हे चक्क एका सर्वनामावरचं कलम होतं : ‘ही’ हे सर्वनाम आणि त्याची रूपं कोणत्याही व्यक्तीसाठी वापरली आहेत, पुरुष असो वा स्त्री.

कागदावर छान. प्रत्यक्षात ही दोघांची जागा केव्हा भरायची आणि केव्हा रिकामी ठेवायची हे न्यायाधीशांच्या हातात राहिलं. १८६७मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने संसदेत सुचवलं की मतदानाच्या कायद्यातल्या ‘मॅन’च्या जागी ‘पर्सन’ घाला. १९६ विरुद्ध ७३ मतांनी सूचना पडली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या बायका कोर्टात गेल्या. ‘मॅन’मध्ये आम्ही येतो असं तुमचाच १८५०चा कायदा सांगतो, तर मताचा हक्क द्या. कोर्ट म्हणालं, इथे येत नाही. शिक्षा आणि करांच्या कलमांत मात्र ‘ही’मध्ये बाई बरोबर सापडत असे. अमेरिकेत मताधिकारासाठी लढणाऱ्या सुझन अँथनीने याच विसंगतीवर बोट ठेवलं होतं.

आपल्याकडचा दाखला कलकत्त्याचा आहे. १९१६मध्ये रेजिना गुहा यांनी वकिलीची पदवी घेऊन जिल्हा न्यायालयात काम करायची परवानगी मागितली. अर्जदाराबद्दल कायद्यात ‘ही’ होतं आणि साधारण वाक्खंड अधिनियमाप्रमाणे ‘ही’मध्ये ‘शी’ धरायला हवी होती. उच्च न्यायालयाने धरली नाही. संदर्भ तसा नाही, असं कारण. १९२१मध्ये पाटण्याला सुधांशुबाला हाजरा यांचंही तेच झालं. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२मध्येच ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या होत्या, पण त्यांना पदवी मिळायला १९२२ उजाडलं. अखेर १९२३मध्ये स्त्रियांनाही वकिली करता येईल असं सांगणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. ‘ही’मध्ये त्या येतात असं सांगून काम भागलं नाही, त्यांना नावाने हाक मारावी लागली.

दंड संहिता गेली, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम ८ची जागा बदलली, पण वाक्य राहिलं, शेवटी एक शब्द वाढून : ‘ही’ म्हणजे कोणीही, पुरुष, स्त्री किंवा तृतीयपंथी. आता त्या एका ‘ही’मध्ये तिघं दाटीवाटीने बसतात.

या ‘ही’ला पर्याय शोधणाऱ्यांची रांग जुनी आहे. अभ्यासक डेनिस बॅरन यांनी अशी दोनशेहून अधिक घडीव सर्वनामं जमवली आहेत, बहुतेक जन्मतःच मेलेली. त्यातल्या त्यात जगलं ते ‘दॉन’. पेनसिल्वेनियातल्या ईरी गावचे चार्ल्स क्रोझॅट कन्व्हर्स वकील होते आणि ख्रिस्ती भजनांना चाली लावत. वकिलाला ‘ही किंवा शी’ची कटकट रोजचीच. त्यांनी ‘दॅट’ आणि ‘वन’ कातरून जोडले आणि १८८४मध्ये जगापुढे ठेवले. मेरियम-वेबस्टरच्या १९३४च्या थोरल्या कोशात ‘दॉन’ला जागा मिळाली, १९६१च्या आवृत्तीत ती गेली. त्यांनी चाल लावलेलं एक भजन अजून चर्चमध्ये गातात.

हे सगळे अज्ञात माणसासाठी शब्द शोधत होते. समोरच्या, ओळखीच्या, नाव माहीत असलेल्या माणसासाठी वेगळा शब्द लागेल हा विचार वेगळा, आणि तोही वाटतो तेवढा नवा नाही. १७७६मध्ये ऱ्होड आयलंडमधली जमायमा विल्किन्सन ही तरुणी तापातून उठली आणि जमायमा मेली, या देहात आता ‘सार्वत्रिक सुहृद’ राहतो, ना स्त्री ना पुरुष, असं घोषित झालं. बरेच अनुयायी ‘ही’ही म्हणत नसत आणि ‘शी’ही नाही. ‘द फ्रेंड’ म्हणत, प्रत्येक वेळी. १८१९पर्यंत, म्हणजे ४३ वर्षं, या भक्तांनी सर्वनामाशिवाय संसार केला. एक पान लिहून बघा, किती अवघड जातं ते कळेल.

आणि दोन्ही चालतं, पण कुठे काय हे बघून चालतं, हा आजच्या रेघेतला बारकावा मला पहिल्यांदा स्पष्ट सापडला तो लेस्ली फाइनबर्ग यांच्याकडे. १९९३च्या ‘स्टोन बुच ब्लूज’ या कादंबरीचे हे लेखक कामगार चळवळीतले, २०१४मध्ये वारले. (‘हे लेखक’, ‘वारले’. मराठीने मला इथे पकडलं, पुढे बोलते.) फाइनबर्ग यांनी २००६च्या मुलाखतीत सांगितलं की सर्वनाम संदर्भात बघावं लागतं. परक्या लोकांत ‘शी’ योग्य, कारण तिथे ‘ही’ म्हटलं की समाजाला न पटणारं माझं रूप झाकलं जातं. घडीव ‘झी’ही आवडतं, आणि आपल्या माणसांत ‘ही’ म्हटलं की माझ्या रूपाचा मान राखला जातो. शिवाय त्यांचं असंही म्हणणं होतं की चूक सर्वनाम वापरून मान देणारे भेटले आहेत आणि बरोबर सर्वनाम वापरून अपमान करणारेही.

संगणकवाल्यांनी यात नकळत मोठी भर घातली. लॅम्डामू नावाचं १९९०चं एक शब्दांनी बनलेलं आभासी घर होतं. त्यात आपलं लिंग निवडता येई, कारण ‘अमक्याने आपली टोपी काढली’ असली वाक्यं यंत्र स्वतः जुळवी. पुरुष, स्त्री, नपुंसक, अनेकवचनी, राजेशाही ‘आम्ही’ आणि गणितज्ञ मायकेल स्पिव्हाक यांनी एका छपाईच्या पुस्तिकेत वापरलेलं ‘ई’, सगळं यादीत. सर्वनाम हा भरायचा रकाना झाला. २०१४मध्ये फेसबुकने तीन सर्वनामांतलं एक निवडायला दिलं. मे २०२१मध्ये इन्स्टाग्रामने सर्वनामांसाठी खास जागा दिली आणि तिथे चारपर्यंत शब्द मावत. एकच निवडा म्हणणारा रकाना गेला, की लोक एकावर थांबत नाहीत. अमेरिकेच्या बोलीभाषा संस्थेने २०१०च्या दशकाचा शब्द म्हणून ‘दे’ निवडला होताच. २०२१मध्ये गायक डेमी लोव्हाटो यांनी ‘दे’ मागितलं, पुढच्या वर्षी त्याच्या जोडीला ‘शी’ही परत घेतलं. एकदा ठरवलं म्हणजे ठरलं, असा करार यात नाही.

आता वापराचं. भाचीशी घासाघीस करून मला उमगलं ते असं. ‘शी/दे’चा अर्थ प्रत्येकाचा वेगळा असतो. कोणाला कोणतंही चालतं, कोणाला पहिलं अधिक आवडतं, कोणाला आलटून पालटून हवं असतं, कोणी घरच्यांसाठी एक आणि ऑफिससाठी एक ठेवतं. रेघेवरून ते कळत नाही, विचारावं लागतं, आणि विचारणं एका वाक्याचं काम आहे. आलटून पालटून लिहिताना मात्र एका वाक्यात दोन्ही घालू नयेत. ‘शी’ छत्री विसरली आणि छत्री ‘देअर’ असं लिहिलं की वाचणारा समजतो, बाईने दुसऱ्याच लोकांची छत्री हरवली. वाक्य संपू द्यावं, मग बदलावं, बदलताना एकदा नाव घ्यावं. क्रियापद सर्वनामाबरोबर फिरतं : ‘शी इज’, ‘दे आर’. पहिली दोन पत्रं मला बैलगाडी दगडांवरून नेल्यासारखी वाटली. तिसऱ्या पत्रात विसरले की मी काही खास करते आहे.

एक गोष्ट मात्र उशिरा सुचली. हा सगळा खटाटोप तृतीय पुरुषाचा आहे. समोर असताना ‘यू’ म्हटलं की प्रश्नच नाही. अरबी वैयाकरण तृतीय पुरुषाला ‘गाइब’ म्हणतात, जो हजर नाही तो. आपला ‘गायब’ तोच. म्हणजे ईमेलच्या तळाशी लिहिलेले ते दोन शब्द समोरासमोर वापरायचे नव्हतेच. ‘मी गायब असताना माझ्याबद्दल कसं बोलाल’, ते त्यात सांगितलं होतं.

आणि मराठीत? आपली पंचाईत सर्वनामापाशी थांबत नाही, क्रियापदही लिंग विचारतं, ‘मी आलो’ की ‘मी आले’ इथूनच. पळवाटाही आहेत. ‘व्यक्ती’ हा शब्द कोणाही बाप्याला लावा, व्याकरणाने स्त्रीलिंगीच राहतो, म्हणून या लेखाच्या पहिल्या परिच्छेदात तो आहे. वर्तमानपत्रं रोज ‘यांनी सांगितलं’ लिहितात, त्यात बाई की बुवा कळत नाही आणि माणूस एक असून रूप अनेकवचनी. वर फाइनबर्ग आणि लोव्हाटो यांना मी त्याच ‘यांनी’त बसवलं आहे, एकदा ‘वारले’वर पाय घसरला तो सोडून. इंग्रजीत माणसाला ‘इट’ म्हणणं म्हणजे शिवी. आपलं ‘ते’ मात्र बाळालाही लागतं आणि वडिलांनाही.

पण खरी गंमत ‘दोघं’मध्ये आहे. दोन पुरुष दोघे, दोन बायका दोघी, आणि एक तो, एक ती असली की दोघं. जुन्या वळणाच्या मराठीत अशा मिश्र जोडीचं सर्वनाम नपुंसकलिंगी अनेकवचनी येतं : ती. ‘ती दोघं आली.’ आणि एकटी बाई आली तरी ‘ती आली.’ लायमनच्या ‘हेओ’सारखंच, एका शब्दात ‘शी’ आणि ‘दे’, रेघ न काढता. मी खुशीत भाचीला लिहिलं की मराठीत तुमचा प्रश्न कधीच सुटलेला आहे. ‘ती आली, ती जेवली, तिला गणपती आवडला’ यातलं शेवटचं वाक्य टाळ, बाकी सगळं भूतकाळात बोल, म्हणजे दोन्ही सर्वनामं एकदम सांभाळली जातात. वर्तमानकाळात गेलीस तर ‘येते’ की ‘येतात’ ते ठरवावं लागेल.

तासाभराने तिचं उत्तर आलं.

‘‘पण मावशी, ती तर उद्या येणार आहेत.’’